आजोबांचं ‘डुप्लेक्स’ आणि ती निळी काच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबा मूळचे वरोऱ्याचे. १९३८ च्या सुमारास जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात लागले आणि शेवटपर्यंत ‘डुप्लेक्स’मध्ये होते. हे डुप्लेक्स म्हणजे काय, ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्या ट्रंकेत लाकडी चौकटीत बसवलेली एक गडद निळी काच मिळाली, ती कशासाठी? आणि ‘हा कारखाना खरं म्हणजे आपल्या चांद्यालाच (म्हणजे आजच्या चंद्रपूरला) व्हायचा होता’ असं ते नेहमी म्हणत, त्यात तथ्य किती?

मी धातुशास्त्र शिकलो आणि तेहतीस वर्षं स्टील मेल्टिंग शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या पोलाद बनवणाऱ्या विभागात, काढली. सुरुवात जुन्या ओपन हार्थ भट्टीवर, शेवट ऑक्सिजन फुंकणाऱ्या एलडी कन्व्हर्टरवर. डुप्लेक्सवर मी स्वतः काम केलेलं नाही, पण ते केलेल्या दोन-तीन जुन्या माणसांच्या हाताखाली शिकलो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या मते दगडात आणि कोळशात आहेत. जमशेदपूरचा इतिहास सांगताना आपण माणसांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण तिथे पोलाद कोणत्या पद्धतीनं बनायचं, हे शंभर वर्षं ठरवलं ते फॉस्फरसनं. म्हणून मी ही गोष्ट त्याच्या बाजूनं सांगतो.

आधी चांद्याचं. आजोबा बरोबर सांगत होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली होती, त्यामुळे मध्य प्रांत त्यांच्या पायाखालचा होता. १८८२ साली रिटर फोन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या हाती पडला. लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आणि जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण, म्हणजे जोडी जमल्यासारखीच होती. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा निघाला नाही. त्यात खाणपरवान्यांचे सरकारी नियम इतके जाचक होते की जमशेटजींनी तो विषय तब्बल सतरा वर्षं बाजूला ठेवला. १८९९ मध्ये हिंदुस्थानातल्या पोलाद उद्योगाविषयी मेजर महॉनचा अहवाल आला, व्हाइसरॉय कर्झननं नियम सैल केले, आणि मग म्हाताऱ्यानं पुन्हा उचल खाल्ली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पिट्सबर्गला पोलाद-अभियंते ज्युलियन केनेडींना भेटले. केनेडींनी सल्लागार अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं. पेरिननी आपला भूवैज्ञानिक सहकारी सी. एम. वेल्ड याला १९०४ मध्ये हिंदुस्थानात धाडला. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आणि नात्यातले शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात हिंडले, ते लोहाऱ्यासाठीच.

निष्कर्ष निराशेचा होता. लोहाऱ्याचं खनिज चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याची पिढ्यान्‌पिढ्या भूक भागवेल इतकं नव्हतं. कोळशाचं दुखणं तर जुनंच होतं. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण विदर्भातल्या लोकांना हा प्रश्न नेहमी पडतो : आपल्याकडे इतका कोळसा असताना पोलादाला तो का चालत नाही? ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या उंच भट्टीत, कोळसा टाकत नाहीत, कोक टाकतात. कोळसा हवेशिवाय भाजला की काही जातींचा कोळसा आधी मऊ होतो, फुगतो आणि मग आवळून टणक, सच्छिद्र ढेप बनतो. हा कोक. भट्टीत वरून येणारा खनिजाचा आणि चुनखडीचा सगळा भार तो अंगावर पेलतो आणि तरीही खालून येणाऱ्या वाऱ्याला वाट देतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा जळतो उत्तम, बॉयलरला छान, पण भाजला की त्याचा भुगा होतो. भुग्यावर भट्टी उभी राहत नाही. झरियाचा कोळसा कोक देतो. म्हणून कारखाना झरियाच्या बाजूला ओढला गेला, आणि ते बरोबरच झालं.

त्याच दिवसांत नागपूरला एक प्रसंग घडला. दोराबजी आयुक्तांना भेटायला सचिवालयात गेले होते. भेटीला वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात. तिथे भूगर्भाचा एक रंगीत नकाशा लावलेला होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग होता. ते आणि वेल्ड तिकडे गेले. धल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर चालताना पायाखाली धातूसारखा आवाज यायचा, इतकं ते खनिज घट्ट होतं. पण पुरेसं पाणी आणि कोकचा कोळसा जवळ नव्हता. पन्नास वर्षांनी भिलाईचा कारखाना उभा राहिला, तो त्याच टेकड्यांच्या खनिजावर. अजब बंगल्यातला तो नकाशा वाया गेला नाही, एवढं नागपूरकरांनी जरूर लक्षात ठेवावं.

दिशा बदलली ती एका पत्रानं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात गेलेले प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ ला टाटांना लिहिलं की गोरुमहिसानीच्या डोंगरात भरपूर लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसाही आवाक्यात आहे. जमशेटजी त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. पुढचं सगळं दोराबजींनी केलं. सुवर्णरेखा आणि खरकई या नद्यांच्या संगमाजवळचं साकची गाव पाण्यासाठी पसंत पडलं. बंगाल-नागपूर रेल्वेचं कालीमाटी स्टेशन जवळ होतं.

पैशांची हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते, म्हणून दोनच ओळी. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा ऑगस्ट १९०७ मध्ये मुंबईत भागविक्री खुली केली. स्वदेशीचा भर होता. सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्यानं घेतले. २ डिसेंबर १९११ ला पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद निघालं.

आता खरा विषय.

ब्लास्ट फर्नेसमधून निघतं ते पोलाद नव्हे, तो बिडाचा रस. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन, शिवाय सिलिकॉन, मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस. पोलाद करायचं म्हणजे यातलं नको ते जाळून काढायचं. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज सहज जळतात. फॉस्फरस सहज सुटत नाही. तो राहिला तर पोलाद थंडीत ठिसूळ होतं. रुळाच्या बाबतीत याचा अर्थ असा की पौषातल्या पहाटे गाडीचं चाक वरून जातं आणि रूळ काचेसारखा तडकतो. आणि ब्लास्ट फर्नेसमध्ये तर फॉस्फरस काढण्याची काहीच सोय नाही. खनिजातला, कोकच्या राखेतला, चुनखडीतला जेवढा फॉस्फरस आत जातो, तेवढा जवळजवळ सगळा रसात उतरतो. आपल्या कोळशात राख भरपूर, त्यामुळे कोकही जास्त लागतो, आणि तो आपला फॉस्फरस घेऊनच येतो.

इंग्लंडच्या बेसेमरनं १८५६ मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे हवा फुंकून पोलाद करायचं भांडं, काढला तेव्हा त्याला हे कोडं उमगलं नव्हतं. रसातून खालून हवा फुंकली की कार्बन आणि सिलिकॉन जळतात आणि त्यांच्याच उष्णतेनं रस पातळ राहतो, वेगळं जळण लागत नाही. अलौकिक कल्पना होती. पण त्याच्या कन्व्हर्टरचं अस्तर गारगोटीच्या जातीचं, म्हणजे आम्लधर्मी. फॉस्फरस धरून ठेवायला चुना लागतो, आणि चुना टाकला तर तो असलं अस्तर खाऊन टाकतो. म्हणून ही पद्धत फक्त ०.१ टक्क्याहून कमी फॉस्फरसच्या रसाला चालायची. १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी वेल्समधल्या ब्लेनाव्हनला अस्तरच डोलोमाइटचं, म्हणजे चुन्याच्या जातीच्या दगडाचं, केलं. मग चुना बिनधास्त टाकता येऊ लागला. पण तिथे दुसरी अडचण निघाली. या पद्धतीत शेवटी उष्णता मिळते ती फॉस्फरसच जळल्यामुळे, तेव्हा रसात तो दोन टक्क्यांच्या घरात हवा. कमी असेल तर रस कन्व्हर्टरमध्येच थिजायला लागतो.

जमशेदपूरचा रस नेमका मधे लोंबकळत होता. पहिल्या पद्धतीला फॉस्फरस जास्त, दुसरीला फार कमी. इंग्लंड-अमेरिकेतली चांगली खनिजं पहिल्या दारातून गेली, लॉरेन-लक्झेंबुर्गची दुसऱ्या दारातून. आपल्याला ही दोन्ही दारं बंद होती.

म्हणून १९१२ साली साकचीला ओपन हार्थ बसवल्या, ४० टनांच्या चार, डोलोमाइटच्या अस्तराच्या. ही भट्टी म्हणजे उथळ, लांबट परात, वर विटांची कमान. वरून गॅसची ज्योत वाहते. दोन्ही टोकांना जाळीदार विटांच्या कोठ्या असतात. जाणारा धूर एका कोठीला तापवतो, येणारी हवा आणि गॅस दुसऱ्या तापलेल्या कोठीतून येतात, आणि ठरावीक वेळानं दिशा उलटवायची. उष्णता बाहेरच्या ज्योतीची, त्यामुळे फॉस्फरस किती आहे याच्यावर ती अवलंबून नाही. चुना टाका, खनिज टाका, वेळ द्या, फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या मळीत, जातो. वेळ मात्र सढळ हातानं द्यावा लागतो. एका हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला, आठ-दहा तास सहज जायचे.

ओपन हार्थवर माणूस काय करतो ते सांगतो, कारण आजोबांच्या कामाचा अर्धा भाग हाच होता. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या भट्टीवर एक फर्स्ट हँड, म्हणजे भट्टीवरचे मुख्य कारागीर, होते, शिक्षण चौथीपर्यंत. नमुना घ्यायची वेळ झाली की लांब दांड्याचा लोखंडी चमचा आधी स्लॅगमध्ये फिरवायचे, म्हणजे त्याच्यावर स्लॅगचं पातळ कवच चढतं आणि रस चिकटत नाही. मग चमचा खोल बुडवून एका दमात बाहेर. रस छोट्या साच्यात ओतायचा, थिजला की पाण्यात बुडवायचा, ऐरणीवर धरून घणाचा एक घाव. तुटलेलं तोंड ते उजेडाकडे तिरकं धरायचे. दाणे बारीक आहेत की ठसठशीत, चमक मंद आहे की आरशासारखी, यावरून ते कार्बनचा आकडा सांगायचे. प्रयोगशाळेचा कागद वीस मिनिटांनी यायचा आणि तो आकडा जवळपास तोच असायचा. ‘दाणा मोठा आणि चकचकीत दिसला की समज, फॉस्फरस अजून आत बसलाय,’ असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी पदवी घेऊन आलो होतो, पण पोलाद बघायला मला त्या माणसानं शिकवलं.

रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष सर फ्रेडरिक अपकॉट म्हणाले होते की टाटांनी ब्रिटिश दर्जाचे रूळ बनवले तर त्यातला पौंड अन् पौंड मी खाऊन दाखवीन. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यात दिसतो तो फॉस्फरस. त्यांची शंका वेडगळ नव्हती. अनोळखी खनिज, राखेनं भरलेला कोक, नवखे कामगार, आणि सुरुवातीला पोलाद भट्ट्यांवर आणलेल्या जर्मन लोकांनाही हा रस नवीनच होता. पहिली काही वर्षं खरोखर कष्टाची गेली. पण पहिल्या महायुद्धात या कारखान्यानं मेसोपोटेमिया, इजिप्त, पॅलेस्टाइन आणि पूर्व आफ्रिकेसाठी १,५०० मैलांचे रूळ दिले. २ जानेवारी १९१९ ला व्हाइसरॉय चेम्सफर्ड स्वतः आले आणि साकचीचं जमशेदपूर झालं, कालीमाटीचं टाटानगर.

युद्धाच्या काळातच मोठी वाढ करायचं ठरलं. आता नुसत्या ओपन हार्थ वाढवत न्यायच्या तर तीन गोष्टी नडत होत्या. पहिली, वेळ. दुसरी, गॅस करायला लागणारा कोळसा. तिसरी, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, ती म्हणजे भंगार. ओपन हार्थला भंगार आवडतं. अमेरिकेत अर्धी भट्टी भंगारानं भरायचे, कारण तिथे जुने रूळ, जुने पूल, जुनी यंत्रं मुबलक. आपल्या देशात जुनं लोखंड होतंच किती? जे होतं ते गावचा लोहार पुन्हा पुन्हा वापरायचा. तेव्हा नव्या पद्धतीला जवळजवळ नुसत्या रसावर चालणं भाग होतं.

यातूनच डुप्लेक्स आलं. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते उभं राहिलं. नावाप्रमाणे दोन टप्पे. पहिल्यात रस गारगोटीच्या अस्तराच्या बेसेमर कन्व्हर्टरमध्ये घालायचा आणि वारा फुंकून सिलिकॉन, मँगनीज आणि बराचसा कार्बन दहा-पंधरा मिनिटांत उडवायचा. फॉस्फरसला इथे हातही लावायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात तो फुंकलेला रस डोलोमाइटच्या अस्तराच्या २०० टनांच्या कलत्या ओपन हार्थमध्ये ओतायचा, जिथे चुना आणि लोखंडाची खपली यांची स्लॅग आधीच वाट पाहत असते. तिथे फॉस्फरस निघतो. ज्या कामाला कन्व्हर्टर वाकबगार ते कन्व्हर्टरकडे, जे भट्टीला जमतं ते भट्टीकडे. बंद दारांच्या मधली भिंत फोडून काढलेली ही वाट होती, असं मी म्हणेन.

कलती भट्टी म्हणजे अख्खी भट्टीच रोलर्सवर बसवलेली. मागे कलवली की स्लॅग दारातून सांडते, पुढे कलवली की पोलाद लेडलमध्ये, म्हणजे रस वाहून नेण्याच्या मोठ्या बादलीत, उतरतं. सगळं रिकामं करत नसत. बरंचसं पोलाद आत ठेवून बाकीचं काढायचे आणि त्यावर पुन्हा फुंकलेला रस ओतायचे. शिवाय डुप्लेक्समध्ये एक खुबी होती. फुंकलेला रस मंद असतो, त्यात कार्बनच नाही तर उकळी कसली येणार? आणि उकळी नाही तर स्लॅग आणि रस घुसळत नाहीत. म्हणून शेवटचं एक लेडल मुद्दाम अर्धवट फुंकून, कार्बन राखून आणायचं. ते ओतलं की भट्टी अशी उसळते की समोरच्या दारांतून ज्वाळा बाहेर लपलपतात. जुनी माणसं सांगायची, त्या क्षणी दारासमोर कुणी उभं राहत नसे.

कन्व्हर्टरवरचा मुख्य माणूस ब्लोअर. त्याच्यापाशी ना तापमापी, ना संगणक. समोर फक्त ज्योत. आधी आखूड, तांबूस, ठिणग्यांची ज्योत, तेव्हा सिलिकॉन जळतोय. मग ती लांब होत जाते, पिवळी-पांढरी होते, घुमायला लागते, तेव्हा कार्बन. आणि मग एकाएकी ती मान टाकते. तो क्षण ओळखून कन्व्हर्टर आडवा करायचा. पाच-दहा सेकंद उशीर झाला तर लोखंडच जळायला लागतं. रात्री ही ज्योत अख्ख्या गावाच्या आकाशावर दिसायची. तुमच्या वडिलांना लहानपणी जमशेदपूरच्या बिष्टुपूर वस्तीतल्या अंगणातून ते तांबडं आकाश पाहिल्याचं आठवत असेल तर विचारा, ते डुप्लेक्सचंच.

याच सुमारास कंपनी बुडायच्या बेतात आली होती, आणि त्यातही फॉस्फरसचा धागा आहे. युद्ध संपल्यावर युरोपातलं स्वस्त पोलाद हिंदुस्थानात लोटलं, त्यात बेल्जियमचं बरंच. बेल्जियममध्ये मुख्यतः थॉमस पद्धत चालायची. त्यांच्या खनिजात फॉस्फरस इतका भरभरून होता की तोच त्यांचं जळण झाला, आणि फॉस्फरसवाली स्लॅग ते शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. आपल्या मधल्याच दर्जाच्या रसानं आपल्याला महागात पाडलं. १९२४ मध्ये पगाराला पैसे नव्हते, तेव्हा दोराबजींनी आपली सारी मालमत्ता, सुमारे १ कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात त्यांच्या पत्नी मेहरबाईंचा ज्युबिली हिराही होता. त्याच वर्षी सरकारनं पोलाद उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं आणि कारखाना तरला. कामगारांचे हालही याच काळातले. १९२०, १९२२, १९२८ असे एकामागून एक संप झाले. १९२८ च्या संपात सुभाषचंद्र बोस कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले. आजोबा लागले तेव्हा त्या आठवणी ताज्या असणार.

आजोबांच्या नोकरीतला सुरुवातीचा काळ म्हणजे दुसरं महायुद्ध आणि हावडा पूल. १९४३ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाला २६,५०० टन पोलाद लागलं, पैकी २३,००० टनांहून अधिक जमशेदपूरचं. त्यात टिस्क्रोम हे कारखान्यानं स्वतः घडवलेलं जास्त ताकदीचं पोलाद होतं. कोलकात्याला गेलात तर त्या पुलावर दोन मिनिटं थांबा.

मग डुप्लेक्स गेलं का? माझं मत स्पष्ट आहे : ते आपल्या खनिजाला शोभणारं, शहाणपणाचं उत्तर होतं, आणि त्याचं श्रेय जितकं द्यायला हवं तितकं दिलं जात नाही. पण त्याला मर्यादा होत्या. रस दोनदा ओतायचा, दोन जागी माणसं, दोन जागी अस्तरं, दोन ठिकाणी लोखंडाची घट. शिवाय हवेत पाचांतले चार भाग नायट्रोजन. हवा फुंकताना तो पोलादात मुरतो आणि पोलाद काळाच्या ओघात ठिसूळ होतं. पत्रा खोल दाबून वस्तू करायच्या तर असं पोलाद फाटतं. उपाय बेसेमरलाही माहीत होता, हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन फुंका. पण टनांनी ऑक्सिजन करणं त्याच्या काळी अशक्य होतं. ते जमलं आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्झला एलडी कन्व्हर्टर चालू झाला. मॅग्नेशिया-डोलोमाइटच्या जातीचं अस्तर, वरून पाण्यानं थंड ठेवलेली नळी, तिच्या तांब्याच्या तोंडातून ध्वनीहून वेगानं ऑक्सिजन, सोबत चुना. कार्बन आणि फॉस्फरस एकाच भांड्यात, पंधरा-अठरा मिनिटांत. थॉमससारखी दोन टक्क्यांची अट नाही, कारण नायट्रोजन तापवण्यात उष्णता वाया जात नाही. आपल्या मधल्या रसाला शेवटी त्याच्या मापाचं दार मिळालं. भारतात हे आधी राउरकेल्याला आलं, जमशेदपूरला १९८३ मध्ये. त्यानंतर तिथल्या ओपन हार्थ एकेक करून थंड झाल्या.

फॉस्फरस संपला असं मात्र समजू नका. एलडीवर माझं दुसरं वर्ष होतं, एका कारखान्यात. फुंकणं संपल्यावर नमुन्यात फॉस्फरस मागणीपेक्षा कमी आला, मी हीट काढायला सांगितली. कन्व्हर्टर कलवताना शेवटी स्लॅग थांबवायला मला उशीर झाला आणि बरीच स्लॅग पोलादाबरोबर लेडलमध्ये गेली. वरून फेरोसिलिकॉन आणि ॲल्युमिनियम टाकलं. स्लॅगमध्ये बांधलेल्या फॉस्फरसचा ऑक्सिजन त्यांनी ओढून घेतला, आणि फॉस्फरस मुकाट्यानं पोलादात परतला. लेडलचा नमुना आला तेव्हा आकडा मर्यादेच्या वर होता. १३० टनांची हीट दर्जा उतरवून खालच्या प्रतीत द्यावी लागली. त्या रात्री मी प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळीतला पिवळा साका स्वतः पाहिला. फॉस्फरस मॉलिब्डेट या रसायनाबरोबर असा पिवळा साका देतो. चूक माझी होती आणि ती मी पाळीच्या वहीत माझ्या नावानं लिहिली. पुढे नव्या मुलांना शिकवताना मी पहिल्याच दिवशी ते पान उघडून दाखवायचो.

आता काच. ती कोबाल्टची काच. भट्टीच्या आत उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर पिवळ्या-पांढऱ्या झगझगाटाखेरीज काही दिसत नाही. कोबाल्टचा निळा रंग ती पिवळी धग गिळतो आणि मग आतल्या वस्तूंच्या कडा दिसायला लागतात : रसाचा पृष्ठभाग, उकळीचे बुडबुडे, न विरघळलेला चुन्याचा गोळा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कमान. ओपन हार्थची कमान गारगोटीच्या विटांची. ज्योत थोडी जास्त लागली की विटा घाम फुटल्यासारख्या चमकतात, आणि मग हिमाच्या सुयांसारखे थेंब लोंबायला लागतात. ते दिसले की गॅस तत्काळ कमी करायचा, नाहीतर कमान कोसळून सगळी भट्टी कित्येक दिवस बंद. काच डोळ्यासमोर धरून दाराच्या झरोक्यातून दर काही मिनिटांनी कमान पाहणं हे मेल्टरचं, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या प्रमुखाचं, आणि त्याच्या हाताखालच्या लोकांचं काम. टोपीला लावायच्या काचाही असायच्या, पण लाकडी चौकटीची, हातात धरायची काच बहुतेक भट्टीवाल्यांचीच. म्हणून माझा अंदाज असा की आजोबा ब्लोअरच्या बाजूला नसून कलत्या भट्टीच्या बाजूला होते. त्यांचं सेवापुस्तक किंवा पगाराची जुनी चिठ्ठी असेल तर हुद्दा पाहा. ‘मेल्टर’, ‘फर्स्ट हँड’, ‘सेकंड हँड’ यांपैकी काही लिहिलेलं असेल तर शंकाच नको.

काच ओल्या फडक्यानं पुसा, चौकटीला पॉलिश करू नका. समईची ज्योत तिच्यातून पाहा. पिवळा भाग जवळजवळ नाहीसा होईल आणि वातीचं टोक जांभळट, स्पष्ट दिसेल. सूर्याकडे मात्र तिच्यातून पाहू नका, ती त्यासाठी केलेली नाही. आणि चौकट उलटसुलट करून बघा : एका बाजूचं लाकूड दुसरीपेक्षा जास्त काळवंडलेलं असेल, तर ती भट्टीकडची बाजू. दुसऱ्या बाजूला, जिथे अंगठा टेकायचा, तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं असेल.